मामांकडची चौकशी

गाडीत कुणी तिसऱ्याच माणसाबद्दल बोलायला लागलं, की मामा स्टेअरिंगवरचा डावा हात उचलायचे आणि पंजा आडवा धरायचे. समोरून एसटी येतेय आणि तिला थांबवायचंय, अशा थाटात. "ते माझ्याकडं नका आणू," म्हणायचे. "ज्या मापानं दुसऱ्याला मोजू, तेच माप आपल्याला लागतंय."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. वाईट नसतं, उलट चांगलंच असतं, पण त्याच्या चांगुलपणानं आपला जीव मेटाकुटीला येतो. मामा त्यातले. माझे कुणी सख्खे नव्हते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. कळंबच्या स्टँडसमोरून त्यांची काळीपिवळी जीप निघायची आणि वाटेतली दोन-तीन गावं घेत माझ्या शाळेच्या गावाला पोचायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कितीतरी वर्षं सकाळी त्यांच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी त्यांच्याच गाडीनं आले. नवऱ्याशी बोलले नसेन एवढं त्यांच्याशी भांडले.

मामा ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांनी कधीतरी बाप्तिस्मा घेतला होता. वाटेवरच्या एका गावात ते राहायचे, तिथं ख्रिस्त्यांचं त्यांचं एकच घर, आणि कळंबला पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर, तिथं रविवारी पंचवीस-तीस माणसं. मामा तिथले जुने सभासद. गाडीतली टवाळ मंडळी त्यांना फादर म्हणायची. "फादर न्हाय, डायवर हाय," मामा न रागावता सांगायचे. गाडीच्या काचेवर आधीच्या मालकानं लावलेलं तुळजाभवानीचं चित्र होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "लावणाऱ्यानं मनापास्नं लावलंय. आपण कशाला खरवडायचं?" त्याच्या शेजारी एक बोटभर लाकडी क्रूस. दोघांचं बरं चाललं होतं.

माझं त्यांच्याशी वाकडं यायचं ते या न्याय करण्यावरून. मी शिक्षिका. मार्क देणं हे माझं काम. चूक ती चूक, बरोबर ते बरोबर. आणि या गृहस्थाचं म्हणणं, कुणाचा न्याय करू नका, तसं प्रभूनं सांगितलंय.

आमच्या गाडीत एक दारुडा यायचा. संध्याकाळच्या खेपेला हमखास. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, तोंडाला भपकारा. बाया पदर नाकाला लावायच्या. एकदा सगळ्यांनी ठरवून सांगितलं, याला घ्यायचं नाही. मामांनी काय करावं? त्याला मागून उठवून पुढं आणलं आणि माझ्याशेजारी बसवलं.

"मामा, हे काय?" मी म्हणाले.

"मागं बायास्नी तरास हुतोय म्हणल्या."

"आणि मी कोण?"

"तुमी बाई हायसा. तुमच्यापुढं त्यो नीट बसंल."

"अहो, उतरवा ना त्याला. प्यायलाय तो."

"प्यायलाय, ते खरं," मामा म्हणाले. "वासबी येतोय, तेबी खरं. पर उतरवलं तर चालत जाईल. उसाचे ट्रॅक्टर चाललेत रस्त्यानं."

"म्हणजे त्यानं प्यावं आणि आम्ही सोसावं?"

"पिऊ नये. ते म्या त्याला रोज सांगतो, त्याच्या तोंडावर. तुमच्याजवळ कशाला सांगू? तुमी थोड्याच पिताव?"

तो दारुडा माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता आणि मी नाकाला रुमाल लावून शाळेच्या वह्या मांडीवर सावरत होते. मामांच्या दयेचा भार नेहमी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर पडायचा, हे मी त्यांना बऱ्याचदा ऐकवलं होतं. ते मान डोलवायचे. मान डोलवणं हीसुद्धा त्यांची एक छळण्याची रीतच होती.

पण खरा छळ लग्नसराईत व्हायचा.

आपल्याकडं स्थळ आलं की चौकशी करतात, हे तुम्हाला काही सांगायला नको. मुलगा कसा, घरचे कसे, काही व्यसन, काही भानगड. आणि चौकशी करायची तर जीपवाल्यासारखा माणूस नाही. गावातलं कोण कुठं जातं, कुणाबरोबर बसतं, येताना कसं येतं, सगळं त्याला दिसतं. लातूरहून, बार्शीहून, भूमकडून मुलींचे बाप यायचे. स्टँडसमोर मामांना गाठायचे, बाजूला घ्यायचे, चहा पाजायचे. मामा चहा प्यायचे आणि म्हणायचे, "उंची चांगली हाय. दार हळू लावतंय."

"म्हणजे?"

"गाडीचं दार. काही पोरं आपटतेत. हे हळू लावतंय."

एक बाप तर चिडून माझ्याकडं आला. म्हणाला, "मॅडम, एवढ्या लांबून आलो, आणि हा माणूस दाराचं सांगतोय."

मी मामांना गाडीत धारेवर धरलं. "लोक विश्वासानं येतात. मुलीचा जन्माचा प्रश्न असतो. तुम्हाला माहीत असून तुम्ही सांगत नाही, हे पाप नाही का?"

"जे दिसतंय ते सांगतो की."

"दार दिसतं फक्त?"

"बाई, गाडीत बसल्यालं माणूस म्हणजे सगळं माणूस न्हाय. म्या त्याला अर्ध्या तासापुरतं बघतो, तेबी आरशात."

मग मी त्यांच्याच शास्त्रावर घसरले. म्हटलं, "कुसळ आणि मुसळाची म्हण आमच्यातही आहे. पण म्हणून कुणी कुसळ काढायचंच नाही का?"

"काढू नका असं कुठं म्हणलंय?" मामा म्हणाले. "आधी आपलं मुसळ काढा, मग नीट दिसंल, आन् मग दुसऱ्याचं कुसळ काढा, असं हाय ते. पर डोळ्यातलं काढायचं म्हणजे जवळ जावं लागतंय. हळू हातानं काढावं लागतंय. लांबनं खडा मारून निघत न्हाय."

तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं. ड्रायव्हर लोकांना बोलायची सवय असते, एवढंच मनात आलं. पुढं तीच गोष्ट माझ्या घरात आली.

माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, शिकायला माझ्याकडं कळंबला राहिली होती. भाऊ ईटला शेती करतो. मुलगी पदवीधर झाली, आणि त्याच उन्हाळ्यात एक स्थळ आलं. मुलगा आमच्या जीपच्याच रस्त्यावरचा, मामांच्याच गावचा. कळंबला खता-बियाण्यांचं दुकान, गावाकडं बागायत, वडील वारलेले, आई आणि चुलता. बहीण तेरला दिलेली. बायोडाटा व्हॉट्सअॅपवर आला, फोटो आला. भाऊ खूश. भाचीनंही फोटो दोनदा पाहिला, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मी मामांपुढं फोन धरला. "आता दाराचं सांगू नका. ही माझी भाची आहे."

मामांनी गाडी बाजूला घेतली. फोटो पाहिला. पंजा आडवा धरला नाही, यानंच मी चरकले.

"कामाला चांगला हाय," ते म्हणाले. "आईला संभाळतोय. दुकानात म्हातारं माणूस आलं तर खुर्ची देतोय."

"आणि?"

"आन् मला आठ दिवस द्या."

"कशाला?"

"त्याला भेटायचंय."

"मामा, काय आहे ते मला सांगा."

"म्या काय म्हणलं का, काय हाय म्हणून?"

"तुम्ही काही म्हणत नाही, तेच तर."

त्यांनी गाडी सुरू केली.

ते दिवस कसे गेले ते मला विचारा. वर्गात फळ्यावर गणित घालायची आणि मनात वेगळंच गणित सुरू. दारू पीत असेल. पत्ते खेळत असेल. पुण्याला एखादी बायको असेल. आजार असेल, तो झाकला असेल. भावाचा रोज फोन. "ताई, सुपारी कधी फोडायची? पाव्हणे इचारायलेत." मी म्हणायची, थांब जरा. तो म्हणायचा, "कशासाठी थांबू? त्या डायवरच्या हातात हाय व्हय आपल्या पोरीचं लगीन?"

शेवटी एका संध्याकाळी गाडीत दुसरं कुणी नसताना मी मामांना म्हणाले, "तुम्ही न्याय करत नाही ना? ऐका मग. तुमच्या गप्प बसण्यानं त्या पोराच्या नावावर माझ्या मनात सतरा गुन्हे जमा झालेत. त्यातला तुम्हाला माहीत असेल तो एकच असेल. बाकीचे सोळा तुमच्यामुळं. सांगणाऱ्यानंसुद्धा कुणाची एवढी बदनामी केली नसती."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"हे चुकलं माझं," ते म्हणाले. "म्या भ्यालो. रोज दुकानासमोरनं जातोय आन् उतरत न्हाय. आज उतरतो."

आणि मला घराशी सोडून ते तसेच दुकानावर गेले.

तिथं काय झालं ते मला नंतर कळलं, खुद्द त्या मुलाकडूनच. दुकानात त्याचा चुलता बसलेला होता. मामांनी मुलाला बाहेर बोलावलं. चुलता म्हणाला, काय असेल ते इथंच बोला. मामा मुलाला म्हणाले, "तुझं लगीन जमतंय, चांगलं हाय. तू गाडीत बहिणीवर हात उचलला हुता, ते त्या पोरीला तू सांग. तुझ्या तोंडानं सांग."

चुलता उठून उभा राहिला. म्हणाला, "तू कोण रं आमच्या पोराचा न्याय करणारा? आमच्या गावात राहून आमच्यावरच?" आणि आणखी बरंच काही, ते इथं लिहीत नाही. मामांच्या आजोबांपासून सगळं निघालं.

मामा म्हणाले, "म्या कुनीच न्हाय. म्हणून तर ह्याच्याकडं आलो, पोरीच्या घरी गेलो न्हाय."

चुलत्याचं गावात वजन होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या गावचं कुणी मामांच्या जीपमध्ये बसेना. माणसं झाडाखाली उभी असायची, गाडी थांबायची, आणि सगळी दुसरीकडं बघायची. मामा थोडा वेळ थांबायचे, "येताव का?" विचारायचे आणि निघायचे. असं कितीतरी दिवस. मागच्या बाकड्यांवर नुसती धूळ. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. नुसतं एवढं कळत होतं, की काहीतरी घडलंय आणि माझ्यामुळं घडलंय.

"आता तरी सांगा," मी म्हणाले.

"पोरगं सांगंल."

"नाही सांगितलं तर?"

"तर म्या सांगीन. सुपारीच्या आधी. त्यालाबी तसंच सांगून आलोय."

"सांगून आलात? मग तो चार गोड शब्द जुळवून येईल की."

"येऊ द्या. म्या हायच की. जुळवल्यालं असलं तर म्या म्हणीन, आसं न्हवतं."

मला त्यांचे खांदे धरून हलवावेसे वाटले. एक वाक्य. एक वाक्य बोलले असते तर माझी झोप गेली नसती, त्यांची गाडी रिकामी पळाली नसती, भाऊ रोज फोन करून शिव्या घालत बसला नसता. पण नाही. सरळ रस्ता असताना हा माणूस बांधाबांधानं चालला होता.

मुलगा रविवारी दुपारी आला. एकटा. मोटारसायकल फाटकाबाहेर लावून आत आला, चप्पल काढली आणि उभाच राहिला. मी बस म्हटलं तेव्हा बसला. भाची स्वयंपाकघराच्या दारात होती. मी तिला आत जा म्हणाले. तो म्हणाला, "नको, त्यांनाच सांगायला आलोय."

त्यानं सांगितलं. कॉलेजात होता तेव्हा. बहीण अकरावीला. स्टँडवर ती वर्गातल्या एका मुलाशी बोलताना त्याला दिसली. गाडी भरलेली होती. सगळ्यांसमोर त्यानं तिच्या थोबाडीत मारली. ती खाली वाकली तर वेणी धरून वर ओढलं आणि परत मारली. ओठ फुटला. गाडीतलं कुणी काही बोललं नाही. मामांनी गाडी थांबवली, त्याला मागं पाठवलं आणि बहिणीला पुढं आपल्याजवळ घेतलं. गाव येईपर्यंत ती रडत नव्हती, ओढणीनं तोंड दाबून बसली होती.

"त्यानंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर घरात कधी हात नाही उचलला. कुणावरच नाही. पण ते झालं होतं. मी ते आठवायचं टाळत होतो."

भाचीनं दारातूनच विचारलं, "तुमच्या बहिणीनं तुम्हाला माफ केलं का?"

तो म्हणाला, "मी मागितली नाही कधी. वाटलं, विसरली असेल."

चहा झाला. तो गेला. खोटं बोलला नाही, रडून दाखवलं नाही, वयावर ढकललं नाही.

भाचीनं दोन दिवस घेतले. मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आत्या, मला तो वाईट नाही वाटला. खरं सांगू का, आवडला. पण सांगताना तो सारखा स्वतःच्या हाताकडं बघत होता, आणि मीपण तिकडंच बघत होते. लग्न झालं तरी मी तिकडंच बघत राहीन. नको."

मी तिला काही समजावलं नाही. तिचा आवाज ठाम होता आणि पोळी गोल होत होती.

भाऊ मात्र भडकला. "एक थापड," तो म्हणाला. "आमी भावंडं काय कमी मारामाऱ्या केल्यात? एवढं सोन्यासारखं स्थळ." तो कळंबला आला तो थेट स्टँडवर. चार माणसांत मामांना बोलला. तुमच्या धर्मापायी आमच्या पोरीचं नुकसान झालं, म्हणाला. मामा गाडीला टेकून उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, झालं असंल नुकसान. म्या न्हाय म्हणत न्हाय."

तुम्हाला सांगते, निदान तिथं तरी त्यांनी भावाला चार शब्द सुनवायला हवे होते. मी वाट पाहत होते. त्यांनी त्याला रसाचा ग्लास आणून दिला.

परत ईटला जायच्या आधी भाची एकदा माझ्याबरोबर मुद्दाम जीपमध्ये बसली. उतरताना तिनं मामांना विचारलं, "मामा, मी त्याला वाईट ठरवलं का?"

एवढ्या वर्षांत मामांनी कुठल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. पण तिला दिलं. "न्हाय, बाळ. तू तुझा रस्ता ठरीवला. त्यो कसा हाय ते ठरवायचं आजून राहिलंय. ते तुझंबी काम न्हाय, माझंबी न्हाय."

हे इथं संपलं असतं तर मी मामांना माफ केलं असतं. पण पुढच्या लग्नसराईत एक दिवस मी स्टँडवर आले तर जीपला झेंडूच्या माळा. बॉनेटवर नवरा-नवरीच्या नावांचा पुठ्ठा. मी नाव वाचलं. त्याच मुलाचं लग्न, आणि वऱ्हाडाला गाडी कुणाची, तर मामांची. स्वतः मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे.

"मामा, तुम्ही? त्याच्या लग्नाला?"

"बोलावलंय त्यानं."

"ज्याच्याबद्दल तुम्हीच... तुम्हीच त्याला उघडं पाडलंत ना?"

"उघडं पाडलं म्हणजे टाकून दिलं का, बाई?"

मग त्यांनी हळूहळू सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. आमच्याकडून नकार गेल्यावर तो मुलगा एके दिवशी मामांकडं आला आणि म्हणाला, तेरला जायचंय, एकट्याला धीर होत नाही. दोघं गेले. बहीण दारात आली. त्यानं मान खाली घालून सांगितलं. तिनं आत बोलावलं नाही, चहा विचारला नाही. फक्त तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "मला वाटलं, तुला आठवतबी नसंल." मग आत गेली आणि दार लावून घेतलं. तो पुन्हा तेरला गेला. तिसऱ्या खेपेला तिनं आत घेतलं. नव्या स्थळाच्या मुलीला त्यानं बायोडाटा पाठवायच्या आधीच हे सांगितलं होतं. "तिनं बहिणीला फोन केला," मामा म्हणाले. "दोघी काय बोलल्या ते मला ठावं न्हाय. तिनं व्हय म्हणलं. तिचं तिनं बघितलं."

"आणि चुलता?"

"मागच्या गाडीत बसलाय. माझ्या गाडीत न्हाय बसणार म्हणला." मामा हसले. "येईल."

मी म्हणाले, "ही अक्कल त्याला एक वर्ष आधी आली असती तर?"

मामा रुमालानं आरसा पुसत राहिले. मला वाटतं, त्यांनाही ते लागलं होतं. मी ते परत घेतलं नाही. आजही घेत नाही. आमच्या मुलीच्या वाट्याला त्याचा उघडा झालेला दोष आला आणि दुसरीच्या वाट्याला पश्चात्ताप आला. हा कुठला न्याय? पण न्याय हा शब्द मामांपुढं काढून उपयोग नव्हता. भाची आता लातूरला नोकरी करते. माझं लग्न माझं मी बघेन, असं तिनं बापाला सांगितलंय. तो मुलगा बाजारात दिसतो, मोटारसायकलच्या टाकीवर पुढं त्याची लहान मुलगी बसवलेली असते. मला पाहून मान लववतो. मीही लववते. भाऊ दर दिवाळीला तो विषय काढतो आणि मी दर दिवाळीला भाजी ढवळायला आत जाते.

गेल्या वर्षी मामांचा दम वाढला. गाडी विकली. त्यांच्या मुलानं बोलावूनही ते त्याच्याकडं सोलापूरला गेले नाहीत. प्रार्थनामंदिरामागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहायचे. संक्रांत होऊन गेल्यावर मी त्यांना भेटायला गेले. उशांना टेकून बसले होते, छाती भात्यासारखी चाललेली. त्यांच्या बायकोनं, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो, मला स्टूल दिलं.

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मामा म्हणाले, "बाई, एक इचारू? खरं सांगा. म्या लोकास्नी लई तरास दिला का?"

मी मावशींकडं पाहिलं. त्या गवार निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? आजारी माणसाला सगळे म्हणतात तेच, की छे छे, तुमच्यासारखा माणूस नाही. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण जन्मभर ज्यानं मला तेवढं सोपं काही बोलू दिलं नाही, त्याला मी ते कसं देणार?

"दिला," मी म्हणाले. "लई दिला."

मामांचा चेहरा उजळला. खरंच सांगते. "सांगा," ते म्हणाले. "कशात?"

मग मी सांगायला लागले. हॉर्नपासून सुरुवात केली. पुढं शेरडं असोत, बैलगाडी असो, गप्पा मारत उभी माणसं असोत, हा मनुष्य हॉर्न वाजवायचा नाही. त्यांची त्यांना जाग येईल म्हणायचा. माझे किती परिपाठ बुडाले, मुख्याध्यापकांनी माझ्याकडं किती वेळा घड्याळ दाखवलं. मामा डोळे मिटून ऐकत होते, मधून मधून हुंकार देत होते. मग पावसाळ्यातलं काढलं, ओढ्याला पाणी आलं तेव्हाचं. माझा आवाज चढत गेला. मावशी खाली मान घालून हसत होत्या. आपल्याही मनातलं कुणीतरी बोलतंय, असं ते हसणं होतं. मी बोलत होते आणि मामा ऐकत होते, एखाद्याला घरचं पत्र वाचून दाखवावं तसे.

केव्हातरी हुंकार थांबला. मी तरी बोलतच होते. मावशींनी हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झोपलेत," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी अशी झोप लागलीय."

मी गप्प बसले. श्वास संथ चालला होता. मावशींनी त्यांच्या पायावर चादर ओढली आणि मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

त्याच आठवड्यात मामा गेले. आणि माझं अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.